रीफ टँकचं पाणी दर उन्हाळ्यात तापतंय? चिलर घेण्याआधी या क्रमाने तपासा

मार्च संपत आला की घरी खाऱ्या पाण्यात मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्या रीफ टँकवाल्यांची एकच तक्रार सुरू होते: सकाळी २६ दाखवणारं पाणी संध्याकाळी ३० वर गेलेलं असतं. मग एक पंखा लावला जातो, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. शेवटी वैतागून चिलर (फ्रिजसारखं पाणी थंड करणारं यंत्र) आणला जातो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये चिलर चालू असूनही पाणी तापतं. असं होतं कारण उष्णता तीन-चार वाटांनी आत येते आणि आपण दर वेळी एकच वाट बंद करतो. बरीचशी उष्णता तर टँकच्या आतच, आपल्याच पंपांमधून तयार होत असते. ती कमी न करता विकत घेतलेला थंडावा म्हणजे दर महिन्याचं वाढीव वीजबिल.

खालचे सगळे आकडे संपसकट (संप म्हणजे टँकखालच्या कपाटातली जोडटाकी) २०० लिटर पाणी धरून दिले आहेत. तुमचं पाणी १०० लिटर असेल तर तापण्याचा वेग दुप्पट धरा, ४०० असेल तर निम्मा.

लक्षणं

थर्मामीटरच्या आधी प्राणी सांगतात. झोएंथिड या वसाहतीने राहणाऱ्या फुलासारख्या प्राण्याचे पॉलिप (एकेक फूल) भर उजेडात अर्धवट मिटलेले राहतात. वसाहतीकडे बाजूने पाहिलं तर फुलांच्या जागी नुसती बटणं दिसतात. झेनिया या सॉफ्ट (मऊ) कोरलची उघडझाप मंदावते. लेदर कोरल पॉलिप आत घेतं आणि त्याच्या अंगावर मेणचट पापुद्रा चढतो. पापुद्रा टाकणं ही लेदरची एरवीचीही सवय आहे, पण उन्हाळ्यात दर आठवड्याला तसं होत असेल तर ते सवयीचं नाही. ॲनिमोनचा (समुद्रफुलाचा) रंग फिकट पडत जातो, कारण त्याच्या ऊतीत राहणारं सूक्ष्म शैवाल उष्णतेच्या ताणाने बाहेर टाकलं जातं. कोरल पांढरी पडतात तीही याच कारणाने.

मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंड लावून जोरजोरात कल्ले हलवत असतील तर दुखणं प्राणवायूचं आहे. ३५ पीपीटी (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ) खारेपणाच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. फरक लहान वाटतो, पण त्याच वेळी माशांची आणि बॅक्टेरियांची प्राणवायूची गरज वाढलेली असते, आणि रात्रभर शैवालाकडून नवा प्राणवायू तयार होत नाही. म्हणून पाणी सर्वांत गरम संध्याकाळी असलं तरी मासे मरतात ते बहुधा पहाटे.

बाकीच्या खुणा: टॉप-अपची (उडून गेलेल्या पाण्याची भरपाई करायची) बादली नेहमीपेक्षा लवकर रिकामी होणं, काचेवर दोन दिवसांत हिरवा थर येणं, चिलर असेल तर तो बंदच न होणं.

"समुद्रात मे महिन्यात पाणी ३० च्या आसपास असतंच, मग टँकमध्ये काय बिघडतं?" हा प्रश्न हमखास येतो. अरबी समुद्राचं वरचं पाणी उन्हाळ्यात तितकं तापतं हे खरं. पण ते आठवड्यांच्या गतीने तापतं, लाटांमुळे प्राणवायूने भरलेलं असतं, आणि दुपार ते रात्र त्यात चार अंशांचा हेलकावा येत नाही. शिवाय जी कोरल आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाला जगत असतात, तीच एखाद-दुसऱ्या जादा अंशाने ब्लीच होतात, म्हणजे पांढरी पडतात. टँकसाठी २५ ते २६.५ ही पट्टी धरा आणि दिवसभरातला चढउतार एका अंशाच्या आत ठेवा. २८ पर्यंत काही बिघडत नाही, पण तिथून वर विजेच्या एका खोळंब्यालाही जागा उरत नाही. आणि मालवणच्या खडकांवरची कोरल "इथल्या पाण्याला सरावलेली" म्हणून आणण्याचा विचारही नको. दगडी कोरलच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत. ती समुद्रातून काढणं हा गुन्हा आहे.

आधी तापमानाची वेळ पाहा

तीन दिवस, दिवसातून चार वेळा तापमान लिहा: पहाटे ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. शेजारी खोलीचं तापमानही लिहा. या कागदावरून अर्धं निदान होतं.

पहाटे २६ आणि रात्री दहाला ३० असेल तर दोष लाइट, झाकण आणि खोलीचा. पहाटेही २९ आणि रात्रीही २९.५, म्हणजे पाणी उतरतच नसेल, तर आत सतत उष्णता देणारं काहीतरी आहे: पंप किंवा अडकलेला हीटर. एका संध्याकाळीच तासा-दोन तासांत दोन-तीन अंश चढले तर ताबडतोब हीटरकडे जा. आणि काही आठवड्यांत हळूहळू, रोज थोडं थोडं वर सरकत असेल, तर चिलरची जाळी धुळीने भरलेली असते.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेला टँक दुपारी दोनला नव्हे, रात्री आठ-नऊला सर्वांत गरम असतो. दिवसभर तापलेली भिंत सूर्य मावळल्यावरही खोलीत उष्णता सोडत राहते.

१. थर्मामीटर खरा आहे का

काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी निम्मं पाण्याचं आणि निम्मं खोलीचं तापमान दाखवते. तिच्यावर निर्णय घेऊ नका. पाण्यात बुडणारा डिजिटल प्रोब हवा आणि तो पडताळलेला हवा. बर्फाचा चुरा पेल्यात गच्च भरा, फटी भरण्यापुरतं पाणी घाला, पाच मिनिटं ढवळा आणि प्रोब मधोमध धरा. ०.५ च्या आत शून्य दाखवलं तर प्रोब ठीक आहे. दुसऱ्या टोकाची खात्री ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरने करा: मगात ३७ अंशांच्या आसपास कोमट पाणी घेऊन दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरा. दोन्हीकडे एक अंशाचा फरक असेल तर तो लक्षात ठेवून वाचा. दोन टोकांना वेगवेगळा फरक आला तर प्रोब बदला.

प्रोब कुठे लावलाय तेही पाहा. रिटर्न पंपाला (संपमधलं पाणी वर टँकमध्ये परत नेणाऱ्या) किंवा हीटरला चिकटलेला प्रोब टँकचं तापमान सांगत नाही. वाहत्या पाण्यात, संपच्या पहिल्या कप्प्यात लावा.

२. हीटरचा प्लग काढा

मुंबई, कोकण आणि गोव्यात मार्च ते ऑक्टोबर हीटरची गरज नसते. पुण्या-नाशकातही एप्रिल-मेमध्ये नसते. तरीही तो "थर्मोस्टॅट आहे ना" म्हणून लावलेला राहतो. स्वस्त हीटरमधली धातूची पट्टी वर्षानुवर्षं उघडबंद होऊन ठिणग्यांनी जळते आणि एक दिवस चालू स्थितीत चिकटून बसते. २०० वॅटचा हीटर असा अडकला तर पाणी तासाला जवळजवळ ०.९ अंशाने तापतं. दिवा लागलेला नाही म्हणजे हीटर बंद, हेही धरून चालू नका. दिवाच गेलेला असू शकतो.

प्लग काढा आणि २४ तास थांबा. पाणी खाली आलं तर चोर सापडला. तो हीटर दुरुस्त करू नका, फेकून द्या. पाण्याबाहेर काढण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर गरम काच तडकते.

हिवाळ्यात नवा हीटर लावाल तेव्हा तो वेगळ्या कंट्रोलरमार्फत (तापमान पाहून वीज चालू-बंद करणाऱ्या यंत्रामार्फत) लावा. चिलर असेल तर दोघांच्या आकड्यांत अंतर ठेवा: हीटर २४.५ ला चालू, चिलर २६.५ ला चालू. दोन्ही २५.५ वर ठेवले तर ते रात्रभर एकमेकांविरुद्ध चालतात, आणि पाणी ठीक दिसत असल्यामुळे बिल येईपर्यंत कुणालाच कळत नाही.

३. झाकण, लाइट, कपाट

काचेचं झाकण काढा. ते बाष्पीभवन अडवतं, आणि पाण्याला फुकट मिळणारा थंडावा तोच आहे. त्याऐवजी बारीक जाळी बसवा, कारण रास, फायरफिश आणि गोबी उडी मारून बाहेर पडतात. उघडा टँक ठेवून सकाळी जमिनीवर वाळलेला मासा सापडणं ही फार सामान्य गोष्ट आहे.

लाइटची वेळ बदला. दुपारी २ ते रात्री १० ही सगळ्यांची आवडती वेळ, आणि तीच उष्णतेची. उन्हाळ्यापुरती पहाटे ५ ते दुपारी १ करा, किंवा रात्री ९ नंतर सुरू करा. एकदम नको, रोज एक तास सरकवा. संध्याकाळी टँक पाहायचाच असेल तर फक्त निळे चॅनल १५–२० टक्क्यांवर ठेवा. एलईडी १० ते १५ सेंटीमीटर वर उचलला तर त्याच्या पाठीची गरम हवा पाण्यावर साचत नाही. उजेड थोडा कमी होईल, तो सॉफ्ट कोरलना चालतो. अजून मेटल हलाइडचे जुने, खूप तापणारे दिवे वापरत असाल तर पुढचं वाचण्याआधी तेच बदला.

मग खालचं कपाट उघडा आणि आत हात घाला. बंद दारामागे संप, लाइटचे अडॅप्टर, पंपांचे कंट्रोलर, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि काही घरांत चिलरसुद्धा असतो. आतली हवा खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम लागते. अडॅप्टर कपाटाबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर आणा. मागच्या फळीला भोक पाडून १२ व्होल्टचा एक पंखा हवा बाहेर फेकण्यासाठी लावा. दार दिवसा उघडं ठेवा. एवढ्यानेच काही टँक एक अंश खाली येतात.

खिडकीचं ऊन टँकवर दहा मिनिटंसुद्धा पडत असेल तर जाड पडदा लावा.

४. पंपांचे वॅट मोजा

पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन पाण्यातच राहते. पाणी ढकलण्यात गेलेली ऊर्जासुद्धा शेवटी घर्षणाने उष्णताच होते. आता बेरीज करा: ४० वॅटचा जुना रिटर्न पंप, २० वॅटचा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पंप, दहा-दहाचे दोन वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारे पंप). झाले ८० वॅट. ते २०० लिटर पाण्याला तासाला ०.३५ अंश तापवतात, दिवसाला साडेआठ अंशांएवढी उष्णता. हिवाळ्यात ही उष्णता काचेतून आणि पृष्ठभागावरून निघून जाते म्हणून जाणवत नाही. मेमध्ये खोलीच ३३ वर असते, तिला जायला जागा नसते.

पंपावर छापलेले वॅट आणि प्रत्यक्ष वॅट वेगळे असू शकतात. प्लगमध्ये लावायचा वीजमीटर मिळतो, तो घ्या. टँकसाठीची इतकी उपयोगी वस्तू इतक्या कमी पैशांत दुसरी नाही. छापलेल्यापेक्षा जास्त वॅट दिसले तर पंप उघडा. इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या) चुंबकावर आणि खोबणीत क्षाराचा पांढरा थर बसलेला असतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात पंप तासभर चालवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि साध्या पाण्यात पाच मिनिटं चालवून मग टँकमध्ये घाला. दर तीन महिन्यांनी हे करायचंच.

पाणी फिरवण्याचं तेवढंच काम निम्म्या वॅटमध्ये करणारा डीसी पंप मिळतो. चिलर घ्यायला निघालेल्या माणसाला माझा सल्ला असा, की आधी रिटर्न पंप बदला. अनेकदा मग लहान चिलर पुरतो किंवा लागतच नाही. वेव्हमेकर मात्र कमी करू नका. पृष्ठभाग हलता राहिला तरच प्राणवायू आत जातो. स्किमरही बंद करू नका, त्याच कारणासाठी.

५. पंखा: नागपुरात चालतो, दादरला का नाही

एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. २०० लिटर पाण्यात ती तीन अंशांएवढी भरते. माठातलं पाणी थंड होतं ते याच नियमाने, आणि मुंबईच्या मे महिन्यात माठ फारसा गार होत नाही तेही याच नियमाने. हवेत आधीच बाष्प ठासलेलं असेल तर नवं बाष्प जाणार कुठे?

म्हणून पंखा विकत घेण्याआधी दहा मिनिटांची चाचणी करा. प्रोबच्या टोकाला सुती कापडाची पट्टी गुंडाळा, ती खोलीच्या तापमानाच्या साध्या पाण्यात भिजवा आणि टँकशेजारी टेबलफॅनसमोर धरा. आकडा खाली येत येत एका जागी थांबेल. हा झाला तुमच्या खोलीतला वेट बल्ब. पंख्याने पाणी याच्या खाली कधीच जाणार नाही, आणि पंप-लाइट चालू असताना साधारण दोन-तीन अंश वरच थांबेल.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २१ च्या आसपास येतो. तिथे पंखा पाणी आरामात २५ वर आणतो. उलट रात्री जास्त गार होऊ नये म्हणून तो कंट्रोलरवर लावावा लागतो. विदर्भात ४४ अंशांतही वेट बल्ब २३-२४ असू शकतो. मुंबईत मात्र ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हाच आकडा २८ च्या वर निघतो. तिथे कितीही पंखे लावा, २६ दिसणार नाही. जुलैच्या दमट दिवसांत आणि ऑक्टोबर हीटमध्ये किनारपट्टीला हाच अनुभव पुन्हा येतो. तुमच्या कापडाच्या पट्टीने २५ च्या वर आकडा दाखवला तर पंख्यावर पैसे घालू नका. एसीच्या खोलीत पट्टी पुन्हा २०–२१ वर येते, कारण एसी हवा कोरडी करतो. तिथे लहानसा पंखाही उत्तम काम करतो.

पंखा वरून सरळ खाली नको, पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका वारा हवा. संपवर लावला तर आवाज कमी येतो. १२० मिलिमीटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे २०० लिटरला पुरतात. २३० व्होल्टचा क्लिपवाला पंखा पाण्यावर टांगू नका. मिठाचे तुषार मोटरमध्ये जातात आणि क्लिप कधीतरी सुटतेच.

पंखा चालला की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. रोज चार-पाच लिटर जाणं नेहमीचं आहे. २०० लिटरमधून पाच लिटर गेले तर ३५ पीपीटीचा खारेपणा ३५.९ होतो, तीन दिवस भरलं नाही तर ३८ च्या जवळ. टॉप-अप नेहमी साध्या आरओ-डीआय (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्याने, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेल्या. खारं पाणी घालायचं नाही, आणि नळाचं, टँकरचं किंवा बोअरचं तर नाहीच; रोज पाच लिटर म्हणजे महिन्याला १५० लिटर नळाच्या पाण्यातले फॉस्फेट आणि सिलिकेट टँकमध्ये साचतात, आणि मग शेवाळाची वेगळी तक्रार सुरू होते. फ्लोटवाला ऑटो टॉप-अप बसवा, पण त्याची टाकी एवढीच ठेवा की फ्लोट अडकून सगळी रिकामी झाली तरी संप ओसंडू नये.

६. चिलर आहे, तरी पाणी तापतं

पहिलं काम: प्लग काढून बाजूची जाळी उघडा. मागचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे दिसले पाहिजेत. उन्हाळ्याच्या मध्यावर तिथे बहुधा राखाडी, नमद्यासारखा धुळीचा थर असतो, पाळीव मांजर असेल तर केसांसकट. मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेने उभा फिरवा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. आडवा घासलात तर पत्रे वाकतात. उन्हाळ्यात हे दर महिन्याला करा.

दुसरं, जागा. चिलर पाण्यातून जेवढी उष्णता काढतो तेवढी, अधिक स्वतःच्या कॉम्प्रेसरची, बाहेरच्या हवेत टाकतो. तो कपाटात किंवा दार बंद केलेल्या छोट्या खोलीत असेल तर तीच हवा पुन्हा ओढतो आणि दर तासाला दुबळा होत जातो. चारी बाजूंनी किमान २० सेंटीमीटर मोकळी जागा आणि हवा बाहेर जाण्याची वाट हवी. भिंतीतून पाइप काढून बाल्कनीच्या सावलीत ठेवणं सर्वांत चांगलं. पाइपवर फोमचं आवरण घाला, नाहीतर पावसाळ्यात त्यावरून पाणी ठिबकतं.

तिसरं, प्रवाह. चिलरच्या पंपावरचा स्पंज तुंबला की पाणी कमी जातं. चिलरच्या पुस्तकात लिहिलेल्या लिटर-प्रति-तास मर्यादेत पंप आहे का ते पाइपचं तोंड बादलीत धरून, घड्याळ लावून मोजा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चिलरमधून बाहेर येणारं पाणी हाताला थंड लागत नाही म्हणून अनेकजण "गॅस संपला" असं ठरवतात. ५०० वॅट थंडावा देणाऱ्या चिलरमधून तासाला ८०० लिटर पाणी जात असेल तर आत-बाहेरचा फरक जेमतेम अर्धा अंश असतो; हाताला तो कळणारच नाही. खरी चाचणी अशी: कॉम्प्रेसर चालू असताना तासाभरात टँकचं तापमान किती उतरलं ते पाहा, आणि मागून येणाऱ्या हवेवर हात धरा. हवा चांगली गरम लागली तर उष्णता बाहेर पडते आहे, चिलर जिवंत आहे. कॉम्प्रेसर गुरगुरतोय पण हवा खोलीएवढीच आहे, तर आतलं काम थांबलंय. ते काम घरी करण्याचं नाही.

नवा चिलर घ्यायचाच असेल तर वरचे सगळे उपाय झाल्यानंतर, सर्वांत गरम दुपारी मोजमाप करा. पाणी बर्फाच्या बाटल्यांनी २६ वर आणा, बाटल्या आणि पंखा काढा, आणि एका तासात किती चढतं ते पाहा. २०० लिटरमध्ये तासाला अर्धा अंश म्हणजे सुमारे ११५ वॅट, एक अंश म्हणजे सुमारे २३० वॅट उष्णता आत येते आहे. त्याच्या दुप्पट थंडावा देणारा चिलर घ्या, म्हणजे तो निम्मा वेळ थांबेल. एचपीचा आकडा कॉम्प्रेसरचा असतो. थंडावा किती वॅट, ते विचारा. पेल्टियरवाले (कॉम्प्रेसरविना, विजेच्या चकतीने गार करणारे) छोटे कूलर वीस-तीस लिटरच्या पलीकडे वेळ घालवण्याच्या लायकीचे नाहीत.

पाणी आत्ताच ३१ वर असेल तर

लाइट बंद. खाणं बंद. वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा, एअर पंप आणि त्याचा बुडबुडे काढणारा दगड (एअर स्टोन) लावा. प्राणवायू आधी, थंडावा नंतर.

मग बर्फाच्या बाटल्या. एक लिटरची गोठलेली, घट्ट बंद बाटली २०० लिटर पाणी सुमारे ०.६ अंशाने उतरवते. एका वेळी एकच, संपमध्ये, बाहेरून धुऊन. तासाला एक अंशापेक्षा वेगाने उतरवू नका. उष्णतेने थकलेल्या माशाला अचानक गारठाही सोसत नाही. सुटा बर्फ टाकू नका, खारेपणा उतरतो आणि तो बर्फ कोणत्या पाण्याचा हेही माहीत नसतं. फ्रिजमधल्या पाण्याने मोठा वॉटर चेंजही करू नका. एप्रिलपासून फ्रीझरमध्ये चार-सहा बाटल्या तयार असू द्याव्यात.

वीज गेली की घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि एअर पंप पुरतो. चिलर त्यावर लावू नका. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. वीज परतल्यावर चिलर लगेच सुरू होत असेल तर तीन मिनिटं उशीर करणारा टायमर मध्ये घाला. गावात व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर हवाच.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर किंचितही मुंग्या आल्या तर हात काढा आणि टँकच्या प्लगला न शिवता घराचा मेन बंद करा. मग इलेक्ट्रिशियन. "कोणता पंप आहे ते एकेक काढून बघतो" असं करू नका. मासे निवांत पोहताहेत म्हणून गळती नाही, हा समजही घातक आहे. ते जमिनीला टेकलेले नसतात, तुम्ही असता. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या आणि अर्थिंग तपासायला सांगा.

चिलरचा आरसीसीबी किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल, कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद होत असेल, तेलकट डाग दिसत असेल, किंवा जाळी स्वच्छ करूनही मागची हवा गार असेल, तर प्लग काढून रेफ्रिजरेशन मेकॅनिक बोलवा. गॅस भरणं, गळती शोधणं, कॉम्प्रेसर उघडणं घरच्या अवजारांनी होत नाही. त्याला नुसतं "गॅस भर" म्हणू नका. गळती शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. आतली टायटॅनियमची कॉइल फुटली असेल तर चिलर पुन्हा टँकला जोडायचाच नाही.

मेकॅनिक येईल तेव्हा तीन दिवसांचा तापमानाचा कागद, चिलरच्या लेबलवरचा गॅसचा प्रकार आणि वॅट, आणि पंपाचा मोजलेला प्रवाह हातात ठेवा. घरगुती फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने टँकचा चिलर आधी पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी. यंत्र खाऱ्या पाण्याचं आहे, आत तांब्याचा कोणताही भाग पाण्याला लागता कामा नये, हे त्याला काम सुरू करण्याआधी सांगा. तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मारतो.